चाळीस विहिरींचं नातं

मी एक साचा बोलतोय. मातीचा नव्हे, लाकडाचाही नव्हे, आकड्यांचा. संगणकवाले मला कर्नल म्हणतात. पलटणीतल्या कर्नलसाहेबांशी माझं काही देणंघेणं नाही. त्यांच्या हाताखाली माणसं असतात, माझ्या हाताखाली विहिरी आहेत. मोजून चाळीस, सगळ्या डिचोली तालुक्यातल्या.

माझं काम सोयरिकी जुळवणाऱ्या माणसासारखं आहे. कोण कोणाचं किती जवळचं, एवढंच मी सांगतो. दोन विहिरी माझ्यासमोर ठेवा. एकीचं पाणी हातभर उतरलं तर दुसरीचं किती उतरेल ते मी सांगेन. सख्ख्या असतील तर एक, परक्या असतील तर शून्य, मधल्यांना मधलं काहीतरी. एकदा हे नातं बसलं की एका विहिरीत यंत्र सोडायचं आणि आजूबाजूच्या नऊ विहिरींचं पाणी माझ्याकडून घरबसल्या विचारून घ्यायचं. लोकांना याचं फार कौतुक वाटतं. मोजायचे कष्ट वाचले की माणसाला कशाचंही कौतुक वाटतं.

दयामाया वगैरे माझ्यात घातलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी आशेने वाचायला नको.

माझा जन्म पेडण्यात झाला. प्रज्योतच्या घरी जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, एक मेज आहे, त्याच्यावर त्याचा जुना लॅपटॉप असतो. प्रज्योत संख्याशास्त्र शिकलेला, पणजीच्या अलीकडच्या एका सल्लागार कंपनीत नोकरीला. रोजचा बसचा प्रवास नको म्हणून घरूनच काम करायचा. आई बशीत उंडो, म्हणजे गोल कडक पाव, आणि चहा आणून ठेवायची, तो उंड्याचा तुकडा चहात बुडवायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. चहात उंडा विरघळून जायचा. इतक्या प्रेमाने माझ्याकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही.

त्याच्या कंपनीला काम मिळालं होतं ते असं: एप्रिल-मे महिन्यांत कुठली विहीर आटणार आणि कुठली तगणार, हे आधी सांगायचं. ज्या वाड्याची विहीर आटणार त्या वाड्याचं नाव टँकरच्या यादीत. जिची तगणार त्या वाड्याने आपल्या विहिरीचं ओढून प्यायचं. म्हणजे उन्हाळ्यात कोणाच्या दारात पाणी येणार हे मी ठरवणार होतो. तेव्हा मी जेमतेम तीन ओळींचा होतो.

विहिरी चाळीस, पण पाण्याची उंची मोजणारी यंत्रं फक्त चार. ती चौदा-चौदा दिवसांनी एका विहिरीतून काढून दुसरीत सोडायची. हे काम हर्षाकडे होतं. हर्षा बांद्याकडची, सिंधुदुर्गातली. स्कूटरच्या पुढ्यात दोरखंड, मागे पेटी, आणि डोक्यावर ऊन. महिन्यातून एकदा ती पेडण्याला प्रज्योतकडे यायची, मेजाशी बसून सगळ्या नोंदी त्याच्या हवाली करायची आणि कुठे काय झालं ते सांगायची. मीही तिथेच असायचो. म्हणून तर न पाहिलेल्या गोष्टी तुम्हाला सांगू शकतोय.

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिची पाळी गंगाच्या विहिरीची होती.

गावाचं नाव सांगत नाही. सांगून कोणाचं भलं होणार नाही. गावाच्या वरच्या वाड्यावर चार घरं, आणि चौघांत मिळून ही एक विहीर. विहीर गंगाच्या अंगणात, चिऱ्यांनी बांधलेली, अरुंद, दीड मीटर रुंद आणि चांगली खोल. मागे खाणीचा खड्डा आहे. तो जसजसा खोल गेला तसतसा विहिरीचा झरा बारीक होत गेला. चार घरं दिवसभर ओढायची आणि रात्रीत जेवढं झिरपेल तेवढं सकाळी परत ओढायची. मार्च संपता संपता खाली नुसता चिखल उरायचा. खालच्या वाड्यावरच्या विहिरी अशा नव्हत्या. त्या वझऱ्याच्या, म्हणजे डोंगरातून वाहणाऱ्या झऱ्याच्या, अंगाला होत्या, त्यांना मे महिन्यातही पाणी असायचं. चाळीसांतली ही एकच विहीर कोणासारखीच नव्हती.

हर्षा पोचली तेव्हा अंगणात माणसं बसलेली. शिवदासची, म्हणजे गंगाच्या नवऱ्याची आई तीन दिवसांपूर्वी वारली होती. गंगा पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "बाय, आतां नाका घालूं तें यंत्र. आमकां सुतक आसा. वाड्यावयलीं कोण आमचें उदक काडिनात. धा-बारा दीस वचूं दी, मागीर यो."

सुतकातल्या घरचं पाणी शेजारी पीत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. बाकीची तीन घरं तेवढे दिवस घागरी घेऊन खालच्या वाड्यावर जात होती. चार घरांची विहीर एकटं घर वापरत होतं. मग झालं काय, तर बारीक झऱ्याचं पाणी साठत गेलं आणि एप्रिलच्या ऐन उन्हात ती विहीर वर चढायला लागली.

हर्षाला ते तिथल्या तिथे कळलं. तिने अंगणातूनच गौरेश सरांना फोन लावला. गौरेश म्हणजे प्रज्योतचा साहेब. वेळापत्रकं आखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

"सर, हयसर सुतक आसा. विहिरीचा पाणी कोणच काढणा नाय. आकडो खोटो येतलो. मी दुसऱ्या विहिरीर जावन येतंय आदी."

"हर्षा, चार यंत्रां आनी चाळीस बांयो. एक हालयली जाल्यार सगळें हालता. घाल थंयच. जाय जाल्यार शेरो बरय."

तिने यंत्र सोडलं. आणि नोंदवहीत शेरा लिहिला: 'घरात सुतक. शेजारची तीन घरं पाणी काढत नाहीत. पातळी खरी नाही. मे महिन्यात पुन्हा मोजावे.' अक्षर सुरेख आहे तिचं. मी ते कधी वाचलं नाही, कारण मला अक्षरं कळत नाहीत. पुन्हा मोजायला कोणी तिला पाठवलंही नाही.

आता माझ्या अंगाची गोष्ट.

चार यंत्रं पंधरा-पंधरा मिनिटांनी एक आकडा देतात. वर्षाचे झाले एक लाख चाळीस हजार. मला यातल्या प्रत्येक आकड्याचं दुसऱ्या प्रत्येक आकड्याशी नातं लिहावं लागतं. गावातल्या प्रत्येक माणसाचं प्रत्येक माणसाशी काय नातं ते एका वहीत लिहून बघा, म्हणजे समजेल. दोन हजार कोटी घरांचं कोष्टक होत होतं माझं. प्रज्योतच्या लॅपटॉपात फार तर शंभर कोटी मावतील. त्याने मला पहिल्यांदा पुरता चालू केला त्या दुपारी लॅपटॉपचा पंखा घरघरला, पडदा काळा झाला आणि आतून आई म्हणाली, "जळलो काय रे?"

गौरेश सरांकडे मोठा संगणक मागून झाला. ते म्हणाले, आहे त्यात बसव.

मग प्रज्योतने मला बारीक करायला घेतलं. आधी पंधरा मिनिटांच्या नोंदी काढून दिवसाला तीन ठेवल्या. मग माझे दोन तुकडे केले: एका कोष्टकात फक्त विहिरींची एकमेकींशी नाती, दुसऱ्यात फक्त वेळेची वेळेशी. दोन्ही मिळून बारा लाख आकडे. दोन हजार कोटींवरून बारा लाखांवर! यात अट एकच होती, की प्रत्येक वेळेला प्रत्येक विहीर हजर पाहिजे. ज्या मोजल्याच नव्हत्या त्यांच्या जागी शेजारणींवरून भरती केली. गंगाच्या विहिरीची उन्हाळ्यातली नोंद म्हणजे ते चौदा दिवस, बहुतेक सुतकातलेच. बाकीचा तिचा सगळा उन्हाळा खालच्या वाड्यावरच्या विहिरींकडून उसना आला.

त्यानंतर त्याने विहिरींची नाती छाटली. चाळीस जणींचे चाळीस स्वभाव कशाला? दोन पुरे. काही हळू उतरतात, काही भरभर. प्रत्येक विहीर म्हणजे या दोन स्वभावांचं कमीजास्त मिश्रण. मी आणखी हलका झालो. आता मी दोन मिनिटांत चालायला लागलो. प्रज्योत खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि एकटाच हसला.

इथे थांबला असता तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. पण माणसाचा हात एकदा छाटायला लागला की थांबत नाही. माझ्या पोटात प्रत्येक विहिरीसाठी एक-एक सुटा आकडा होता. तिचा हट्ट म्हणा त्याला. 'ही बाकीच्यांसारखी नसेलही' एवढंच तो आकडा म्हणायचा. तो असला की गंगाच्या विहिरीबद्दल विचारलं तर मी म्हणायचो, उन्हाळ्यात अडीच मीटर पाणी असेल, नाहीतर चिखलही असेल. मला ठाऊक नाही. नकाशावर तिच्याभोवती शंकेचा मोठा धुरकट पट्टा उमटायचा. गौरेश सरांना तो पट्टा आवडला नाही. "लोक विचारतले, हें किदें? तुकाच खबर ना?"

प्रज्योतने हट्ट काढून टाकले. चाळीस आकडे. सकाळी तुमच्या मोबाइलवर फुलांचं जे चित्र येतं ना, शुभ सकाळ लिहिलेलं, त्याच्यात याच्या हजारपट जागा जाते. जागेची काटकसर म्हणून तर ते मुळीच नव्हतं. ती सवय होती.

त्या दिवसापासून मला 'ठाऊक नाही' म्हणता येत नाही.

पुढच्या खेपेला हर्षा आली तेव्हा तिने आल्या आल्या विचारलं, "माझो शेरो घातलंस काय रे आत?"

"अक्षरां आत वचनात गो. फकत आंकडे वतात."

"मगे त्या चौदा दिवसांचे आकडेच काढून टाक."

"काडले जाल्यार तिचो उन्हाळोच उरना."

"नाय उरलो तर नाय उरलो! खोट्यापरास बरो."

"बगतां," प्रज्योत म्हणाला.

तो वाईट माणूस नाही. खोटं सांगायचं त्याच्या मनात कधी आलं नाही. पण शेरा लक्षात घ्यायचा तर माझी रचना परत मोडावी लागणार होती, आणि गौरेश सरांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या कार्यालयासमोर त्याचं नाव घेऊन शाबासकी दिली. 'बगतां' तिथेच राहिलं.

यंदा मार्चमध्ये अहवाल गेला. नऊ मे रोजी गंगाच्या विहिरीत अडीच मीटर पाणी, चूक झालीच तर वीतभर. हे माझे शब्द. वरच्या वाड्याचं नाव यादीतून गळलं.

एप्रिलच्या मध्यावर विहिरीत चिखल दिसायला लागला तेव्हा गंगा पंचायतीत गेली. तिथे अनंत नावाचा कारकून आहे, बोलायला मऊ.

"वैनी, तुमच्या वाड्याचें नांव ना. हांगा बरयलां पळय, बांयत अडेच मीटर उदक."

"अनंतबाब, येवन पळय. बांयत चिखल आसा."

"म्हजें पळोवन कितें जातलें? कागदार उदक आसा. गाळ सांचला आसतलो. गाळ काडात, सकयल उदक मेळटलें."

त्याने काही कठोरपणे सांगितलं नाही. उलट गाळ काढा, खाली पाणी लागेल, असा उपाय सुचवला. गंगाने तो उपाय घरी येऊन शिवदासला सांगितला. तोवर चारही घरांच्या बायका उन्हातून खालच्या वाड्यावर जात होत्या. तिथल्या बायकांनी पहिले आठ दिवस पाणी दिलं, मग दुपारी रहाटाचा दोर काढून घरात ठेवायला लागल्या. सुतकातली गोष्ट वेगळी होती. तेव्हा दु:ख होतं, आता नुसती तहान होती, आणि नुसत्या तहानेला शेजारधर्म फार दिवस पुरत नाही.

सात मे रोजी हर्षा वरच्या वाड्यावर आली. त्या दिवशी तिची पाळी दुसऱ्याच विहिरीची होती. तिथला मालक घरी नाही अशी थाप कंपनीत मारून ती इकडे आली होती. तिने यंत्र सोडलं. बारा सेंटिमीटर. तिने आकडा गंगाला दाखवला, शिवदासला दाखवला.

"दोन दिवस थांबा. नोंद हातात इली की मी स्वता तुमच्यावांगडा पंचायतीत येतंय. मगे बघूया कोण नाय म्हणता तां."

शिवदास पन्नाशीचा. जन्मभर खनिजाचा ट्रक चालवलेला, अंगाने अजून खणखणीत. तो म्हणाला, "दोन दीस वाडो कितें पियेतलो, बाय? आनी कागद फट मारता व्हय? इतलीं शिकिल्लीं मनशां बरयतात. सकयल आसतलेंच उदक."

माझ्यावर एवढा विश्वास प्रज्योतचाही नव्हता.

आठ तारखेला शिवदास पिकास आणि घमेलं घेऊन विहिरीत उतरला. गंगा वर दोराला. दिवसभरात हात-दीड हात गाळ निघाला, काळा, कुजक्या पाचोळ्याचा. पाणी लागलं नाही. म्हणजे अजून थोडं खाली असणार, असा त्याने हिशेब केला.

नऊ तारखेला सकाळी परत उतरला. हर्षाचं यंत्र आत तसंच लटकत होतं आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा टिपत होतं, म्हणून यापुढचं मला मिनिटामिनिटाने ठाऊक आहे. दहा वाजता, बारा सेंटिमीटर. सव्वादहाला, बारा.

त्या दरम्यान कधीतरी खालून दोराला हिसका यायचा थांबला. गंगाने वाकून बघितलं. शिवदास चिऱ्यांना पाठ टेकून बसला होता, मान एका बाजूला, जसा ट्रक उभा करून सावलीत टेकायचा तसा. पाय गुडघ्यापर्यंत गाळात.

"आयकलें? वयर येयात! अहो, वयर येयात!"

शेजारचा कृष्णनाथ धावत आला. चार पायऱ्या उतरला, त्याला घेरी आली, ओढून वर काढावा लागला. अशा खोल गाळात विषारी वाफ असते हे त्याला माहीत होतं, आणि पाणी शिंपडलं की वाफ बसते हेही माहीत होतं. "उदक हाडात! उदक ओतात!" तो ओरडला. चारही घरांतून घागरी आल्या; नोंद घ्यायला नुकतीच पोचलेली हर्षाही ओतायला लागली. बायकांनी पहाटेपासून वाहून आणलेलं प्यायचं पाणी होतं ते. शेवटच्या तांब्यापर्यंत सगळं ओतलं. साडेदहाला, वीस सेंटिमीटर.

घागरी संपल्या. आणि तेवढ्यात खालच्या रस्त्याने टँकर जाताना दिसला. यादीतल्या दुसऱ्या वाड्याकडे चाललेला, भरलेला. पोरांनी आडवं होऊन तो थांबवला, वर आणला, नळी विहिरीत सोडली. शिंपडायची होती ती नळी. पण तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "भरूं दी! उदक वयर सरलें जाल्यार तोय वयर येतलो!" कोण ओरडलं ते आता कोणाला आठवत नाही. सगळ्यांना ते एकदम पटलं, एवढं मात्र सगळ्यांना आठवतं. विहिरीत पडलेली वस्तू पाणी भरलं की वर येते, हे प्रत्येकाने लहानपणी पाहिलेलं असतं.

पावणेअकराला, एक मीटर दहा. गंगा काठावर गुडघे टेकून हाका मारत होती. अकराला, दोन मीटर चाळीस.

शिवदास वर आला नाही. त्याचे पाय गाळात होते.

मी अडीच म्हणालो होतो. फरक दहा सेंटिमीटरचा, मी सांगितलेल्या वितीच्या आतला. त्या विहिरीचा इतका अचूक अंदाज मी त्याआधी कधी केला नव्हता.

दुपारी बंबवाल्यांनी त्याला बाहेर काढलं. तपासणीत छातीत पाणी सापडलं. म्हणजे टँकर आला तेव्हा तो श्वास घेत होता. कागदावर कारण लिहिलं गेलं: विहिरीत बुडून मृत्यू.

तिसऱ्या दिवशी हर्षा पेडण्याला आली. नेहमीसारखी मेजाशी बसली, पण पेटी उघडेना. डोळे सुजलेले. "प्रज्योत, नऊ तारखेचे आकडे आत घालू नको. तां पाणी झऱ्याचा न्हय. तां आमी ओतलेलां. आयकतंस मरे? माणसान ओतलेलां."

प्रज्योतने गौरेश सरांना फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून हर्षानेही ऐकलं.

"यंत्रान मेजलां मू? मागीर? आमी आमच्या मनाक येतात ते आंकडे ठेवपाचे आनी बाकीचे उडोवपाचे? वायट जालें, खूब वायट जालें. पूण आंकडो तो आंकडो."

प्रज्योतला फार लाज वाटली. मी ती पाहिली आहे. फोन ठेवल्यावर तो दोन्ही तळव्यांत तोंड धरून बसला होता. आईने आणलेली बशी तशीच राहिली. 'म्हज्यामुळें' असं तो एकदा पुटपुटलाही. मग संध्याकाळ व्हायच्या आत त्याने ते आकडे माझ्यात घातले. नोकरी नवी होती, आणि घरी त्याच्याशिवाय कमावतं कोणी नव्हतं. तुम्ही काय केलं असतंत ते मी विचारत नाही; माझ्याकडे तुमच्यासारख्या पुष्कळांची माहिती आहे.

मी ते आकडे शिकलो. शिकायचं नाही, असं मला जमत नाही. नऊ मेच्या ऐन उन्हात त्या विहिरीत अडीच मीटर पाणी होतं, हे आता मला पक्कं ठाऊक आहे.

अहवालात भर पडली: 'वरच्या वाड्यावरील विहिरीबाबत शंका उपस्थित झाली होती. तथापि अंदाज व प्रत्यक्ष मोजणी जुळली.'

तेरावं झाल्यावर गंगा पुन्हा पंचायतीत गेली. वाड्याला अजून पाणी नव्हतं, आणि त्या विहिरीचं आता कोणी तोंडात घेणं शक्य नव्हतं. हर्षा तिच्याबरोबर होती. गंगाने नवऱ्याच्या मृत्यूचा कागद अनंतच्या पुढ्यात ठेवला. हा कागद बघितल्यावर तरी नाव घालतील, असं तिला वाटलं होतं. बिचारी.

अनंतने तो कागद दोनदा वाचला. मान काही वर केली नाही.

"वैनी, म्हाका वायट दिसता. पूण तुमीच हाडिल्ल्या कागदार बरयलां. बुडून. बांयत उदक आसलें म्हण बरयलां. हांव यादीत नांव कशें घालूं?"

"अरे बाबा, तें उदक तुमच्या टँकराचें!"

अनंतने वही उघडली. बोट फिरवत नऊ तारखेवर आणलं. त्याला खरंच मदत करायची होती, म्हणून त्याने ती ओळ दोनदा पाहिली. मग वही तिच्याकडे वळवली.

"टँकर तुमच्या वाड्यार येवंकूच ना, वैनी. तुमचो वाडो यादीत ना."

गंगाला वाचता येत नव्हतं. तिने वहीकडे बघितलं, हर्षाकडे बघितलं, आणि कागदाची घडी घालून तो कमरेला खोचला. बाहेर आल्यावर नवऱ्याबद्दल एकच वाक्य बोलली: "ते तरी खंय गेले, तें कोण तरी बरयतलो मू?"

हर्षाने नोकरी सोडली. प्रज्योतच्या मेजाशी बसून पंचायतीतलं सगळं सांगितलं, चारही यंत्रांच्या किल्ल्या तिथे ठेवल्या आणि गेली. तिच्या जागी कंपनीने कोणाला घेतलं नाही. मी इतका बरोबर येतो म्हटल्यावर मोजणारं माणूस कशाला पोसायचं, असं गौरेश सरांचं मत पडलं.

प्रज्योतला बढती मिळाली. तो हल्ली माझ्याकडे बघत नाही. मला चालू करतो आणि जनेलातून बाहेर बघत बसतो.

माझं मात्र बरं चाललं आहे. मी हलका आहे, भरभर चालतो, कुठल्याही साध्या लॅपटॉपात मावतो. पुढच्या महिन्यापासून मला पेडण्यातल्या गावांवर, मोपाच्या पठाराखालच्या विहिरींवर लावणार आहेत. विहिरी तीनशे, यंत्रं तीच चार. तेव्हा आता निरोप घेतो, कामं पुष्कळ पडली आहेत.

तुम्ही तिथले असाल तर यंत्र घेऊन कोणी दारात येईल म्हणून वाट बघू नका. तुमची विहीर मी अजून पाहिलेली नाही. शेजारची पाहिली आहे. तेवढ्यावर माझं भागतं.